खानदेशच्या उन्हाळ्यात शॅमेलिऑनचे पिल्लू
जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो, तेव्हा रीतसर नोंदणी करून पाळलेल्या परदेशी शॅमेलिऑनच्या (रंग बदलणाऱ्या सरड्याच्या) पिल्लाला सर्वाधिक धोका पाणी कमी पडण्याचा असतो. हा प्राणी वाटीतल्या साचलेल्या पाण्याकडे सहसा वळत नाही, पानांवरचे थेंब चाटतो. म्हणून जाळीच्या पिंजऱ्यातील पानांवर सकाळ-संध्याकाळ बारीक फवारा मारावा आणि मधल्या वेळात ती सुकू द्यावीत. कूलरचा झोत थेट अंगावर येऊ देऊ नये. डोळे खोल गेले किंवा विष्ठेतील पांढरा भाग नारिंगी झाला, तर पशुवैद्यांना दाखवावे. किडे कॅल्शियमच्या भुकटीत घोळवून द्यावेत. त्यासोबत यूव्हीबी (अतिनील किरणांचा) दिवा नसेल, तर हाडे मऊ पडतात. बांधावर सापडणारा आपला घोयरा सरडा (भारतीय शॅमेलिऑन) मात्र 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित असल्याने त्याला घरी आणू नये.