न्यूरोलॉजिस्टकडे जाण्याआधी: एमएस, एनएमओ की एमओजी?

मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्याच्या नसेवरचं मायलिनचं वेष्टन सूज येऊन खराब होतं, असे हे तीन आजार: एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, एनएमओ म्हणजे न्यूरोमायलायटिस ऑप्टिका, आणि एमओजी म्हणजे मायलिनवरच्या एमओजी नावाच्या प्रथिनाविरुद्ध अँटीबॉडी तयार होऊन होणारा आजार. मोठ्या माणसांत सुरुवातीला ते एकमेकांसारखे दिसू शकतात, उपचार मात्र वेगळे. एमएसच्या काही औषधांनी एनएमओ उलट बळावतो. म्हणून निदान नीट होण्यासाठी आपल्या हातात जे आहे ते करूनच जा.

सगळ्यात आधी वही घ्या आणि तारखा लिहा. त्रास कधी सुरू झाला, किती दिवसांत वाढला, पूर्ण गेला की थोडा मागे राहिला? एमएसचा झटका (त्रास नव्याने उफाळणं) धरायला त्रास ताप किंवा संसर्ग नसताना किमान २४ तास टिकावा लागतो आणि दोन झटक्यांत किमान ३० दिवसांचं अंतर लागतं. "मागच्या वर्षी कधीतरी" एवढ्यावर भागत नाही. तारीख आठवत नसेल तर गणपतीच्या आधी की दिवाळीनंतर, हे तरी घरच्यांना विचारा. जुनं काहीही गाळू नका. डोळा फिरवताना दुखायचा आणि लाल रंग फिका दिसायचा, मान वाकवली की पाठीतून करंट गेल्यासारखं व्हायचं, गरम पाण्याच्या आंघोळीनंतर धूसर दिसायचं, हे सगळं बरेचदा चष्म्याचा नंबर किंवा अशक्तपणा म्हणून सोडून दिलेलं असतं. लघवी अडण्याबद्दल बोलायला संकोच वाटत असेल तर कागदावर लिहून द्या. कित्येक दिवस न थांबणारी उचकी किंवा उलट्या झाल्या असतील आणि इलाज पोटाच्या डॉक्टरांकडे झाला असेल, तरी ते कागद सोबत घ्या. एनएमओची सुरुवात अशीही होते.

एमआरआयचा नुसता रिपोर्ट नको, सीडीही हवी, आणि ती उघडते ना ते आधी बघा. मज्जारज्जूतला डाग सलग तीन मणके किंवा त्याहून लांब असेल, तर एनएमओ आणि एमओजीकडे लक्ष जातं. नवा एमआरआय सांगितला तर पेसमेकर, शरीरातला कुठलाही धातू, किडनीचा त्रास किंवा गरोदरपण आधीच सांगा.

ॲक्वापोरिन-४ (ही एनएमओत सापडते) आणि एमओजी अँटीबॉडीच्या तपासणीचं रक्त शक्यतो स्टेरॉइड किंवा प्लाझ्मा एक्स्चेंजच्या (रक्तातला द्रव भाग बदलण्याच्या उपचाराच्या) आधी घेतलेलं बरं. स्टेरॉइड होऊन गेलं असेल तर डिस्चार्ज कार्डावरच्या तारखा दाखवा. तपासणी सेल-बेस्ड (पेशी वापरून करायच्या, जास्त भरवशाच्या) पद्धतीने होते का, हे लॅबला विचारा. पण नजर किंवा पायातली ताकद झपाट्याने जात असेल, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी रुग्णालय गाठा. उपचार रिपोर्टसाठी थांबवायचे नसतात.

बी-१२ची कमतरता आणि क्षयरोगही असा त्रास देतात. घरात कुणाला टीबी झाला असेल तर सांगा.

पाठीतलं पाणी (मज्जारज्जूभोवतीचा द्रव, सुईने काढतात) तपासायचं ठरलं तर ऑलिगोक्लोनल बँड्ससाठी (एमएसमध्ये बरेचदा दिसणारे अँटीबॉडींचे पट्टे) सोबत रक्तही घेतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी कळवा, मनाने बंद करू नका. नंतर डोकं दुखू शकतं, म्हणून घरी न्यायला कुणीतरी सोबत असू द्या.