यीस्ट इन्फेक्शन आणि घरचे उपाय : या चुका टाळा

खाज सुटली, अंगावरून पांढरं जायला लागलं की बहुतेक जणी आधी घरातच उपाय शोधतात. विषय संकोचाचा, त्यामुळे ते समजण्यासारखं आहे. पण सगळ्यात मोठी चूक उपायाच्या आधीच झालेली असते : हे यीस्टच, म्हणजे योनीतल्या बुरशीचा संसर्ग आहे, असं परस्पर ठरवणं. २००२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, स्वतःच निदान करून दुकानातून यीस्टचं औषध घेणाऱ्या ९५ महिलांची तपासणी केली गेली. केवळ यीस्ट निघालं ते साधारण एक तृतीयांश जणींना.

ढोबळ फरक असा. यीस्टमध्ये स्राव घट्ट, दह्याच्या चोथ्यासारखा असतो, खाज खूप येते, लघवी करताना बाहेरच्या त्वचेची आग होते, वास मात्र फारसा नसतो. राखाडी, पातळ आणि माशासारखा वास येणारा स्राव बहुधा जिवाणूंमुळे असतो. पिवळट-हिरवा, फेसाळ असेल तर लैंगिक संबंधातून होणाऱ्या संसर्गाची शक्यता धरावी. शेवटच्या दोन्हींवर यीस्टचं औषध काम करत नाही. शिवाय हा फरक डोळ्यांनी नेहमी कळतोच असं नाही.

आता लसणाची पाकळी. प्रयोगशाळेत लसूण बुरशीची वाढ रोखतो हे खरं, पण काचेच्या ताटलीला आग होत नाही, योनीच्या नाजूक अस्तराला होते. पाकळी आत ठेवून भाजल्यासारखी जखम करून घेतलेल्या बायका डॉक्टरांना भेटतात. टी ट्री ऑइल, व्हिनेगर, खाण्याचा सोडा यांचीही तीच गत. दही त्या मानाने सौम्य, पण त्याने संसर्ग बरा होतो याला भक्कम पुरावा नाही. खायचं असेल तर खुशाल खा, आत लावू नका. साखर घातलेलं तर नाहीच नाही.

आतून धुणं हा आणखी एक गैरसमज. निरोगी योनीत लॅक्टोबॅसिलस जिवाणू आम्लता टिकवतात, पीएच साधारण ३.८ ते ४.५. साबण, सुगंधी वॉश किंवा पाण्याची धार आत मारून हीच राखण मोडते. बाहेरून कोमट पाण्याने धुवा, नीट कोरडं करा, सुती अंतर्वस्त्र घाला, घामाचे किंवा ओले कपडे लगेच बदला. घरच्या उपायांतलं खरोखर उपयोगी ते एवढंच, आणि तेही त्रास कमी करतं, बुरशी मारत नाही.

बोरिक ॲसिडबद्दल मात्र सावध. वारंवार होणाऱ्या हट्टी संसर्गात डॉक्टर ६०० मिलिग्रॅमच्या योनीत ठेवायच्या कॅप्सूल देतात, पण ते पोटात गेलं तर विष आहे आणि गरोदरपणात वर्ज्य. डब्यातली पावडर घेऊन घरी प्रयोग करू नका.

औषध घेतानाही गडबड होते. क्लोट्रिमॅझोल या बुरशीवरच्या लावायच्या औषधाचा कोर्स खाज थांबली म्हणून अर्ध्यात सोडला जातो. बुरशीवरची फ्लुकोनॅझोलची १५० मिलिग्रॅमची गोळी मैत्रिणीला लागू पडली म्हणून गरोदर बाईने घेऊ नये. तिच्यासाठी डॉक्टर सहसा सात दिवसांचं लावायचं औषध देतात. स्टेरॉइड मिसळलेल्या मलमांनी आराम पटकन पडतो, म्हणूनच ती फसवी. आणि काही योनीमार्गातल्या क्रीममधल्या तेलामुळे कंडोम कमकुवत होतो, हे पाकिटावर बारीक अक्षरात असतं.

वर्षातून तीन किंवा जास्त वेळा त्रास झाला तर रक्तातली साखर तपासून घ्या. नुकतंच अँटिबायोटिक घेतलं असेल, किंवा मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशी लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी गोळी चालू असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. ताप, ओटीपोटात दुखणं, फोड किंवा गरोदरपण असेल तर घरी वाट पाहू नका. आणि तपासणीच्या आधी एक-दोन दिवस आत काहीही घालू नका, नाहीतर नमुन्यात खरं कारण सापडत नाही.