देशाच्या ऊर्जा आकडेवारीवरून उत्सर्जन किती आणि धूर कुणाच्या छातीत, हे कसं काढायचं

आधी त्या वर्षाचा ऊर्जा ताळेबंद डाउनलोड करा, जवळपास प्रत्येक देश तो काढतो. त्यात आडवं-उभं सगळं असतं, उत्पादन, आयात, निर्यात, साठ्यातला बदल, आणि खाली कुणी किती जाळलं ते. पहिला हिशोब वरून करायचा: उत्पादन अधिक आयात, त्यातून निर्यात वजा, आंतरराष्ट्रीय जहाजं-विमानांना भरलेलं इंधन वजा, साठा वाढला असेल तर तोही वजा. डांबर वगैरे जळत नाही, तेही बाजूला काढा.

आता टनांची ऊर्जा करायची आणि ऊर्जेवरून कार्बन डायऑक्साइड. आयपीसीसी म्हणजे संयुक्त राष्ट्रांची हवामान बदलावरची समिती, तिच्या २००६ च्या मार्गदर्शिकेत तयार आकडे आहेत, डिझेलला १००० टनांमागे ४३ टेराज्यूल (टेराज्यूल हे ऊर्जेचं एकक) आणि प्रत्येक टेराज्यूलमागे ७४.१ टन कार्बन डायऑक्साइड. म्हणजे १० लाख टन डिझेल म्हणजे ४३,००० टेराज्यूल, म्हणजे साधारण ३१.९ लाख टन कार्बन डायऑक्साइड. (जाळलं त्याच्या तिप्पट वजन कसं काय? हवेतला ऑक्सिजन येऊन चिकटतो ना, कार्बनच्या १२ भागांचे ४४ होतात.) कोळशाला मात्र एकच आकडा लावून मोकळे होऊ नका, बिट्युमिनस कोळसा टनाला साधारण २.४ टन देतो आणि लिग्नाइट म्हणजे तपकिरी कोळसा १.२, कारण लिग्नाइटमध्ये ऊर्जाच कमी. आणि उष्मांक (इंधन जळून मिळणारी उष्णता) ग्रॉस आहे की नेट ते बघाच, ग्रॉसमध्ये जळताना झालेल्या वाफेतली उष्णताही धरतात, नेटमध्ये नाही; वरचे आकडे नेटचे आहेत, गॅसच्या बाबतीत दोन्हींत १० टक्क्यांच्या आसपास फरक पडतो.

मग हेच खालून, क्षेत्रवार करा, वीज केंद्रं, कारखाने, वाहनं, घरं. विजेचा धूर केंद्रातच मोजायचा, घराच्या खात्यात परत नाही. वरची आणि खालची बेरीज ५ टक्क्यांपेक्षा जास्त हुकली तर कुठेतरी गडबड आहे, शोधा.

इथपर्यंत सोपं. प्रदूषणाचं तसं नाही, कार्बन इंधनावर ठरतो पण बारीक कण म्हणजे पीएम २.५ कशात जाळलं त्यावर. तेच लाकूड साध्या चुलीत आणि चांगल्या बॉयलरमध्ये जाळलं तर आकडा कित्येक पटींनी बदलतो, त्यामुळे एमिशन फॅक्टर (ठराविक इंधन जाळल्यावर किती प्रदूषण निघतं तो आकडा) घेताना उपकरण जुळवा आणि एक आकडा न देता किमान-कमाल अशी रेंज द्या. सल्फर डायऑक्साइड त्यातल्या त्यात बरा, कोळशात १ टक्का गंधक असेल तर टनामागे जास्तीत जास्त २० किलो, थोडं राखेत अडकतं.

खरी मेख शेवटी. किती टन सोडलं म्हणजे एक्स्पोजर, म्हणजे माणसांच्या वाट्याला किती आलं, ते नव्हे. सोडलेल्यापैकी किती अंश माणसांच्या श्वासात गेला हे धरावं लागतं, आणि घरातल्या चुलीच्या धुरावर संशोधन केलेले शास्त्रज्ञ कर्क स्मिथ यांचा ढोबळ नियम असा की घरात सोडलेला धूर बाहेर सोडलेल्यापेक्षा साधारण १००० पट जास्त फुप्फुसात जातो. समजा १ किलो कण सोडले, तर घरातल्या चुलीचे १ ग्रॅमच्या आसपास माणसांच्या आत जातील आणि वस्तीपासून लांबच्या उंच चिमणीचे १ मिलिग्रॅमच्या घरात. म्हणून ताळेबंदातली लाकूड-शेणीची ओळ विसरू नका. तिचा कार्बन डायऑक्साइड ऊर्जा क्षेत्राच्या बेरजेत धरत नाहीत, फक्त माहितीसाठी वेगळा नोंदवतात, शिवाय सरपण गोळा केलेलं असतं, विकत घेतलेलं नसतं, म्हणून मूळ आकडाही बऱ्याचदा अंदाजाचाच. तिथे घरांच्या सर्व्हेतून किती कुटुंबं कशावर स्वयंपाक करतात ते घ्या आणि ताळेबंदातल्या आकड्याशी ताडून बघा.