घरातले माइट मायक्रोस्कोपखाली ओळखताना या चुका टाळा

कोल्हापुरात पाऊस धरला की कपाटातल्या चपलेवर बुरशी चढते, पिठाच्या डब्यात काहीतरी वळवळतं आणि ओलसर भिंतीच्या कडेने पांढरे ठिपके पळताना दिसतात. हौशी मायक्रोस्कोप आता बऱ्याच घरांत आहे. त्यातून एखादा धूसर फोटो निघतो, सगळे मिळून त्याला ‘डस्ट माइट’ (घरच्या धुळीत राहणारा, कोळ्याच्या कुळातला बारीक जीव) ठरवतात आणि त्याच संध्याकाळी मुलांच्या गादीवर कीटकनाशक मारलं जातं. काय करायचं हे प्राणी कोणता आहे त्यावर ठरतं. म्हणून आधी नीट बघा आणि जेवढं दिसलं तेवढंच नाव द्या.

डोळ्याला दिसला म्हणजे डस्ट माइट

बहुतेक गफलत इथेच होते. धुळीतला माइट साधारण 0.2 ते 0.3 मिलीमीटरचा आणि जवळजवळ पारदर्शक असतो. चालता-बोलता नजरेस पडण्याइतका तो मोठा नाही. जुन्या वह्या, फोटोच्या फ्रेमा आणि ओल आलेल्या भिंतीवर जे तुरुतुरु पळतं ते बहुतेक वेळा बुकलाइस नावाचे किडे निघतात. ते मिलीमीटरभर लांब असतात, त्यांना सहा पाय आणि लांब मिशा असतात, डोकं वेगळं दिसतं. बुरशी हे त्यांचं खाणं. 2019 आणि 2021 च्या पुरानंतर ज्या घरांच्या भिंती कितीतरी दिवस ओल्या राहिल्या, तिथे ते दिसणं साहजिकच होतं. भिंत वाळवा, हवा खेळती ठेवा, ते आपोआप कमी होतात.

म्हणून आधी माप घ्या. प्लॅस्टिकची पारदर्शक पट्टी भिंगाखाली धरा आणि दिसणारं वर्तुळ किती मिलीमीटरचं आहे ते मोजून ठेवा. साध्या मायक्रोस्कोपवर 40 पटीला ते चार-साडेचार मिलीमीटर भरतं, 100 पटीला पावणेदोनच्या आसपास. प्राण्याने वर्तुळाचा किती भाग व्यापला ते बघितलं की त्याची लांबी निघते.

सहा पाय दिसले, मग माइट नाही

माइट कोळ्याच्या आणि गोचिडीच्या कुळातला, त्यामुळे मोठ्याला आठ पाय. पण अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाला सहाच असतात. पाय मोजल्यावर मिशाही शोधा. माइटला मिशा नसतात आणि शरीर एकाच पिशवीसारखं असतं. काही जाती पुढचे पाय मिशांसारखे चाचपत चालतात, तेवढ्याने फसू नका.

पट वाढवले की जास्त कळतं

खोक्यावर 1000 किंवा 1600 पट छापलेलं असलं तरी यूएसबी मायक्रोस्कोपमध्ये तो आकडा बहुधा पडद्यावर चित्र ताणून आलेला असतो. माइट शोधायला 40 पट आणि निरखायला 100 पट बास. केसांची ठेवण बघायलाच 400 लागतात. त्याहून महत्त्वाचा प्रकाश. खालचा दिवा पूर्ण सोडला की पारदर्शक माइट उजेडात विरून जातो आणि माणूस म्हणतो, स्लाइड रिकामी आहे. दिव्याचा उजेड कमी-जास्त करणारी खालची झडप अर्ध्याहून जास्त मिटवा, कडा उठून दिसतात. यूएसबीवाल्यांनी काळा कागद खाली घालावा आणि टॉर्च बाजूने तिरका धरावा.

चिकटपट्टीने उचलणं

पट्टीला लागलेला माइट उलटा-सुलटा अडकतो, पाय तुटतात आणि गोंदातले हवेचे बुडबुडे अंड्यांसारखे दिसतात. चित्रकलेचा सगळ्यात बारीक ब्रश स्पिरिटमध्ये बुडवा आणि त्याच्या टोकाने उचला. मेडिकलमधलं ग्लिसरीन थेंबभर घेऊन त्यात सोडा. वर कव्हरस्लिप (झाकायची पातळ काच) थेट दाबली की प्राणी चिरडतो, म्हणून कागदाचे दोन कपटे कडेला ठेवून मग ती टेकवा. गोल, जाड काळ्या कडेचं काही दिसलं तर तो बुडबुडा.

वाकळ किंवा उशीतल्या धुळीत माइट हाती लागत नसेल तर ती धूळ मिठाच्या तीव्र पाण्यात ढवळून थोडा वेळ ठेवा. वर तरंगेल ते ब्रशने घ्या. पाय-केसांसकट नुसतीच पोकळ कात सापडली, तर तिथे माइट होते एवढंच कळतं. आत्ता आहेत असं नाही.

पांढरा माइट म्हणजे सगळे सारखेच

चपलेवरची हिरवट पूड ब्रशने घेऊन 100 पटीला बघा. मोत्यासारखं चकचकीत अंग, पुढच्या दोन आणि मागच्या दोन पायांच्या जोड्यांमध्ये आडवी खाच, मागे फरफटत येणारे लांब केस. हा बुरशीवर जगणारा टायरोफॅगस. धुळीतल्या डर्मॅटोफॅगॉइडिसला असे केस अंगभर नसतात, फक्त शेपटाकडे लांब केसांच्या दोन जोड्या. त्याच्या कातडीवर बोटाच्या ठशासारख्या बारीक रेघा असतात. अंग गोलसर, खाच नाही आणि चहूबाजूंनी काटेरी लांब केस दिसले तर ब्लोमिया समजा, उष्ण दमट हवेत तो बराच आढळतो. पिवळसर, तोंडापाशी दोन जाड आकडे असलेला चेलिटस दुसऱ्या माइटना खातो. तो दिसला की त्याची शिकार आसपास आहेच.

पिठात माइट असतील तर ते चाळून वापरू नका. भाजल्यानेही त्यातली ॲलर्जी निर्माण करणारी प्रथिनं पूर्ण जात नाहीत. पीठ फेकून द्या आणि डबा धुऊन कडकडीत वाळवा.

खाज सुटते, म्हणजे डस्ट माइट चावतात

डस्ट माइट चावत नाहीत. त्यांच्या विष्ठेच्या कणांनी शिंका आणि दमा उसळतो. खिडकीवर पारव्यांचं घरटं असेल आणि पिल्लं उडून गेल्यावर अंगावर लाल पुरळ येऊ लागली, तर पक्ष्यांचे माइट शोधा. ते मिलीमीटरभराचे, चपळ, रक्त प्यायले की लालसर-काळे. घरटं रिकामं आहे याची खात्री करून ते काढा, नुसत्या फवारणीने भागत नाही. खरजेचा माइट मात्र कातडीत बिळं करतो. त्यासाठी स्वतः सुई लावू नका, डॉक्टरांना दाखवा.

डर्मॅटोफॅगॉइडिसच्या दोन नेहमीच्या जाती घरच्या साधनाने वेगळ्या करता येत नाहीत, तिथे थांबा. वाकळ 60 अंशांच्या पाण्यात धुणं आणि खोलीतला दमटपणा 50 टक्क्यांखाली आणणं, हे दोन्ही जातींना सारखंच लागू पडतं. तरी नाव हवंच असेल तर जवळच्या कॉलेजात किंवा शिवाजी विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात विचारून बघा. जाताना फोटोवर विसंबू नका, छोट्या बाटलीत स्पिरिट घालून नमुनाच न्या. तारीख आणि घरातली जागा लिहिलेली चिठ्ठी बाटलीच्या आतच टाका, पण ती पेन्सिलीने लिहा. पेनाची शाई स्पिरिटमध्ये उतरते.