ब्रेक दाबला की पाय खोल जायचा

मे महिन्यात वर्धा रोडवर सिग्नलला ब्रेक दाबला आणि पाय पार खाली गेला. दोनदा पंप केलं तेव्हा गाडी थांबली. घरी बघितलं तर ब्रेक ऑइल कोऱ्या चहासारखं काळपट. हे ऑइल हवेतला ओलावा ओढतं. नवं डॉट ४ ग्रेडचं ब्रेक ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की ही मर्यादा १५५ च्या आसपास येते. उकळलं की वाफ होते, वाफ दबते, आणि दाब चाकापर्यंत पोचतच नाही.

म्हणून जुनं ऑइल आणि आत शिरलेली हवा काढून नवं ऑइल भरायचं ठरवलं. अंगणात सपाट फरशीवर गाडी लावली, मागच्या चाकांना ठोकळे दिले. जॅक फक्त उचलायला असतो. खाली स्टँड लावल्याशिवाय मी हात घातला नाही, तुम्हीही घालू नका. ब्रेकची धूळ फुंकायची नाही, मास्क लावून ओल्या कापडाने पुसायची. ऑइल सीलबंद बाटलीतलंच, गाडीतल्या ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचं. एक थेंब मडगार्डवर पडला, लगेच भरपूर पाण्याने धुतला, नाहीतर रंग गेला असता.

चाकाजवळच्या निपलला, म्हणजे जुनं ऑइल बाहेर सोडायच्या छोट्या तोटीला, मी नळी लावली. पुतण्या ब्रेकच्या पॅडलवर पाय ठेवून बसला.

“काका, सोडू?”

“थांब! आधी निपल बंद होऊ दे.”

निपल उघडं असताना पाय उचलला की हवा आत शिरते. टाकीतलं ऑइलही मी दर चार-पाच दाबांनी भरत राहिलो. नळीतले बुडबुडे थांबले. इंजिन सुरू करून पॅडल घट्ट लागतं का बघितलं, मग गल्लीतच अगदी हळू चालवून तीनदा ब्रेक मारले.