आयरिश पद्धतीचं लोणी: उभ्या चर्नमध्ये कसं काढावं

आयर्लंडमधली पहिली सहकारी क्रीमरी, म्हणजे मलईपासून लोणी काढायचा कारखाना, १८८९ साली लिमरिक परगण्यात निघाली. त्याआधी शेतकऱ्यांच्या घरी लोणी बायकाच काढत. आपली रवी दोरीने गरगर फिरते, तिथला दांडा खाली-वर चालतो. चर्न म्हणजे तळाशी रुंद, वर निमुळतं लाकडी पिंप. झाकणाच्या भोकातून दांडा आत जातो आणि त्याच्या टोकाला भोकं पाडलेली चकती असते.

धारोष्ण दूध गाळून, न तापवता, पसरट भांड्यांत गार जागी २४ ते ३६ तास ठेवा. वर येते ती आपली जाड साय नव्हे, पातळ मलई. ती पळीने काढून दोन-तीन दिवस साठवा, आंबट वास येऊ द्या. कच्चं दूध नको असेल तर बाजारच्या क्रीमला लिटरमागे दोन चमचे ताजं ताक लावून रात्रभर ठेवा.

चर्न उकळत्या पाण्याने धुऊन लगेच गार पाण्याने विसळा, नाहीतर लोणी लाकडाला चिकटतं. निम्म्याहून जास्त भरू नका, फेसाला जागा लागते.

खरी गोम तापमानात आहे. मलई १५ ते १८ अंश सेल्सिअस हवी. गार असली तर नुसता फेस होतो, दांडा तासभर मारला तरी लोणी धरत नाही. अशा वेळी चर्नला बाहेरून कोमट पाण्याचा शेक द्या. गरम असली तर लोणी झटकन येतं खरं, पण पांढरट आणि मऊ, ताक पोटात धरून ठेवणारं.

एकसारख्या लयीत अर्धा-पाऊण तास घुसळा. आधी दांडा जड होतो, मग एकदम हलका पडतो, आवाज पाणचट होतो आणि दांड्याला पिवळे कण दिसतात. कण गव्हाच्या दाण्याएवढे झाले की थांबा. गोळा होईपर्यंत घुसळलं तर ताक आत कोंडतं आणि लोणी लवकर खवट होतं.

ताक काढून घ्या, थंडगार पाणी ओतून हलवा. पाणी निवळ येईपर्यंत, बहुधा तीनदा, हे करा. मग ओल्या लाकडी थापीने दाबून पाणी काढा. हात लावू नका, उबेने लोणी चिकट होतं. किलोला २० ते ३० ग्रॅम मीठ घालून पुन्हा दाबा. उरलेल्या ताकात तिथे सोडा घालून पाव भाजतात.