पायांचा रक्तपुरवठा तपासताना या चुका टाळा

पायांकडे जाणाऱ्या धमन्या अरुंद होण्याच्या विकारात पहिली चाचणी महागडी नाही. रक्तदाबाचा पट्टा, हातात धरायचा लहान डॉप्लर (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह ऐकवणारे यंत्र) आणि पंधरा-वीस मिनिटांचा वेळ एवढ्या सामग्रीवर घोट्याजवळचा रक्तदाब आणि दंडावरचा रक्तदाब यांचे गुणोत्तर काढता येते. दवाखान्यांत यालाच एबीआय म्हणतात आणि ते ०.९० किंवा त्याहून कमी आले, तर धमनीत अडथळा आहे असे मानले जाते. तरीही पायाचा अंगठा काळा पडल्यावरच ज्यांचे निदान होते, असे रुग्ण मुंबईत आजही दिसतात. त्यातल्या काहींची तपासणी आधी झालेली असते, हे अधिक क्लेशदायक आहे. चाचणी करताना थोडी ढिलाई राहिलेली असते किंवा आलेल्या आकड्यावर कोणीही शंका घेतलेली नसते.

पहिली चूक प्रश्न विचारण्यात होते. ‘चालताना पाय दुखतो का?’ या प्रश्नाला साठी उलटलेले अनेक मधुमेही प्रामाणिकपणे ‘नाही’ असे उत्तर देतात, कारण त्यांनी चालणेच कमी केलेले असते. स्टेशनपर्यंत रिक्षा घेतली जाते, दादरच्या पुलाऐवजी सरकता जिना शोधला जातो आणि बाजारहाट मुलगा किंवा सून करते. त्याऐवजी न थांबता किती अंतर चालता येते, गेल्या वर्षी किती चालत होता आणि जिन्यात कितव्या मजल्यावर थांबावे लागते, हे विचारावे. धमनीच्या अडथळ्यामुळे येणारी पोटरीतली कळ नुसते उभे राहिल्यावरही काही मिनिटांत थांबते. मणक्यामुळे येणारे दुखणे मात्र बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावर कमी होते. हा फरक नीट विचारून घेतला, तर कंबरेच्या एमआरआयचा खर्च अनेकदा वाचेल. मिश्री, विडी आणि सिगारेट यांची चौकशी स्त्रियांकडेही तितक्याच सहजतेने करावी.

मोजणीतली सर्वांत घातक चूक मुंबईच्या जागेच्या टंचाईतून येते. दहा बाय दहाच्या दवाखान्यात तपासणीचे टेबल फायलींनी भरलेले असते, म्हणून रुग्णाला खुर्चीतच बसवून घोट्याला पट्टा बांधला जातो. बसलेल्या स्थितीत घोटा हृदयाच्या बराच खाली असतो आणि हृदयाच्या पातळीखालच्या प्रत्येक सेंटिमीटरला तिथला दाब सुमारे पाऊण मिलिमीटर पाऱ्याने वाढतो. घोटा ८० सेंटिमीटर खाली असेल, तर आकड्यात सुमारे ६० मिलिमीटरची फसवी भर पडते आणि आजारी पाय निरोगी ठरतो. रुग्णाला उताणे झोपवून पाच ते दहा मिनिटे शांत पडू द्यावे आणि मगच मोजणी सुरू करावी. जिने चढून, धावतपळत आलेल्या माणसाला लगेच पट्टा लावू नये. तपासणीआधी दोन तास धूम्रपान टाळण्याची सूचना भेटीची वेळ देतानाच द्यावी.

दोन्ही दंडांचा दाब मोजण्याचा कंटाळा हीदेखील महागात पडणारी चूक आहे. समजा, उजव्या दंडावर १२२, डाव्या दंडावर १४० आणि घोट्याजवळ ११६ असा दाब आला. फक्त उजवा दंड मोजला, तर गुणोत्तर ०.९५ येते आणि रुग्ण निर्धास्त घरी जातो. नियमानुसार दोहोंपैकी जास्त दाब भाजक म्हणून घेतला, तर उत्तर ०.८३ येते, म्हणजे आजार स्पष्ट दिसतो. दोन हातांमधला असा मोठा फरक स्वतंत्रपणेही महत्त्वाचा आहे, कारण कमी दाबाच्या हाताकडे जाणारी धमनीही अरुंद झालेली असू शकते. घोट्याजवळ पावलावरची आणि आतल्या हाडामागची अशा दोन्ही धमन्यांचा दाब घ्यावा आणि निदानासाठी त्यातला जास्त दाब वापरावा. घरगुती स्वयंचलित यंत्राने ही मोजणी करू नये. प्रवाह फार क्षीण झाला असेल, तर ते यंत्र दाब ओळखण्यात चुकते. पट्टा जखमेवर किंवा पायातल्या बायपासच्या नळीवर बांधू नये, आणि शिरेत गुठळी असल्याचा संशय असेल, तर ही चाचणी पुढे ढकलावी.

मात्र आमच्याकडील मधुमेहाचे प्रमाण पाहता सर्वाधिक सावधगिरी ‘नॉर्मल’ आकड्याबाबत हवी. दीर्घकाळचा मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांच्या धमन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साचते, त्या कडक होतात आणि पट्ट्याने सहजासहजी दबत नाहीत. त्यामुळे आतला प्रवाह तुटपुंजा असतानाही घोट्याजवळचा दाब फसवा जास्त येतो. गुणोत्तर १.४० च्या वर गेले, तर किमान संशय तरी यावा. पण ‘जास्त आहे, म्हणजे उत्तम आहे’ असे समजून अहवाल बाजूला ठेवला गेल्याची उदाहरणे घडतात. याहून अवघड प्रसंग असा, की अडथळ्याने दाब खाली ओढलेला असतो, कॅल्शियमने तो वर ढकललेला असतो आणि दोहोंच्या ओढाताणीत १.०५ असा देखणा आकडा येतो. पायावर न भरणारी जखम आहे, पाऊल थंड आहे, नाडी लागत नाही आणि अहवाल मात्र निर्दोष आहे, अशा वेळी जखमेवर विश्वास ठेवावा, आकड्यावर नव्हे. अशा रुग्णाच्या पायाच्या अंगठ्याचा दाब मोजावा, कारण बोटांतल्या बारीक धमन्या या कडकपणातून बहुधा वाचलेल्या असतात. अंगठा आणि दंड यांचे गुणोत्तर ०.७० किंवा त्याहून कमी असेल, तर रक्तपुरवठा अपुरा मानतात, आणि अंगठ्याचा दाब ३० मिलिमीटरच्या खाली असेल, तर पाय गंभीर धोक्यात आहे. ही सोय जवळपास नसेल, तर केईएम, नायर किंवा शीवसारख्या मोठ्या रुग्णालयात रुग्णाला पाठवण्यात दिरंगाई करू नये.

याउलट अडचणही येते: चालताना पोटरी भरून येते, तरीही झोपून काढलेले गुणोत्तर ठीक असते. तेव्हा ट्रेडमिलवर चालवून लगेच पुन्हा मोजावे. चालल्यानंतर गुणोत्तर २० टक्क्यांहून अधिक घसरले, तर अडथळा उघड होतो.

भलतीच चाचणी करून समाधान मानणे हा प्रकारही नेहमीचा आहे. मधुमेहाच्या शिबिरांत कंपन देणाऱ्या यंत्राने तळपायाची संवेदना तपासतात. ती तपासणी आवश्यकच आहे, पण तिचा रक्तप्रवाहाशी संबंध नाही. कोविडनंतर घरोघरी आलेला ऑक्सिमीटर पायाच्या बोटाला लावून ९८ दिसले, म्हणून धमन्या मोकळ्या आहेत असेही ठरत नाही. चिठ्ठीवर नुसते ‘पायाचा डॉप्लर’ लिहिले, तर सोनोग्राफी केंद्रात शिरांची तपासणी होऊन धमन्या तशाच राहू शकतात. धमन्यांचा की शिरांचा, हे डॉक्टरांनी स्पष्ट लिहावे आणि नातेवाइकांनीही विचारून घ्यावे.

मोजे न काढता तपासणी पूर्ण होत नाही. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालल्यावर बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, त्यांतून चीर पडते आणि रक्तपुरवठा कमी असेल, तर ती महिनोन्‌महिने भरत नाही. खाली सोडल्यावर लालसर दिसणारे पाऊल पुष्कळदा चांगल्या रक्तपुरवठ्याचे लक्षण समजले जाते. तेच पाऊल वर उचलून धरल्यावर पांढरेफटक पडले, तर अर्थ नेमका उलट असतो. रात्री वेदनेमुळे पाय पलंगाखाली सोडून बसणाऱ्याच्या पायाला सूज येते, आणि त्या सुजेवर घट्ट मोजे दिले जातात. धमन्यांची तपासणी झाल्याशिवाय असे मोजे कधीही घालू नयेत. थंड पावलांना गरम पाण्याची पिशवी लावणेही तितकेच धोक्याचे आहे, कारण बधिर पायाला भाजल्याचे कळत नाही.

पाय अचानक थंड, फिकट आणि बधिर होऊन असह्य दुखू लागला, तर एबीआयची वेळ घेत बसू नये आणि तेल लावून चोळूही नये. अशा पायाला वाचवण्यासाठी साधारण सहा तासांचाच अवधी असतो आणि गर्दीच्या वेळी उपनगरातून मोठ्या रुग्णालयात पोहोचण्यातच त्यातला बराच वेळ जातो. म्हणून रक्तवाहिन्यांचे शल्यचिकित्सक कोणत्या रुग्णालयात रात्रीही उपलब्ध असतात, हे आजार माहीत असलेल्या कुटुंबाने आधीच विचारून ठेवावे.